जर्मन सैन्य सुरुवातीला इतक्या झपाट्याने कसं जिंकलं?

प्रश्न असा आहे: पोलंड पाच आठवड्यांत, फ्रान्स सहा आठवड्यांत, युगोस्लाव्हिया तर दोन आठवड्यांच्या आत. १९३९ ते १९४१ या काळात जर्मनीने हे कसं साधलं? त्यांचे रणगाडे इतके सरस होते का, की ही हिटलरच्या बुद्धीची करामत होती?

मी सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश-दळणवळणाच्या शाखेत, होतो आणि नंतर बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना १९४० ची फ्रान्सची मोहीम शिकवत आलो. त्यामुळे माझं उत्तर दळणवळणाच्या बाजूला थोडं झुकलेलं वाटेल, पण ते झुकणं योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. रणगाडे सरस नव्हते. हिटलरने जुगार खेळला हे खरं, पण तो जिंकून दिला इतरांनी. जर्मनांची खरी सरशी एका गोष्टीत होती: समोर काय चाललंय ते कळणं, त्यावर निर्णय घेणं आणि तो अमलात आणणं, या सगळ्याला त्यांना शत्रूपेक्षा खूप कमी वेळ लागत होता. बाकीची कारणं आहेत, तीही सांगतो, पण ती या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी आकडे बघू, कारण याबाबत फार गैरसमज आहेत. १० मे १९४० ला जर्मनीने पश्चिमेकडे हल्ला केला तेव्हा त्यांच्याकडे तिथे सुमारे २४०० रणगाडे होते. त्यातले निम्म्याहून जास्त पँझर-१ आणि पँझर-२. पँझर-१ वर तोफच नव्हती, फक्त दोन मशीनगन. तो मुळात प्रशिक्षणासाठी बनवलेला रणगाडा. सुमारे ३३० रणगाडे चेकोस्लोव्हाकियाचे होते, १९३९ मध्ये तो देश गिळल्यावर हाती आलेले किंवा तिथल्या कारखान्यांत बनवून घेतलेले. ते नसते तर सेनापती रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनकडे (रणगाड्यांच्या, हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीकडे) धड रणगाडे उरले नसते. समोर एकट्या फ्रान्सचेच ३००० च्या वर रणगाडे होते, आणि त्यातल्या कित्येकांचं चिलखत जर्मनांपेक्षा जाड होतं. फ्रेंच बी-१ बिसच्या ६० मिलीमीटरच्या चिलखतावर जर्मनांची ३७ मिलीमीटरची तोफ जवळजवळ निरुपयोगी ठरायची. म्यूझ नदीवरच्या सेदाँ या फ्रेंच शहराच्या दक्षिणेला स्तोन नावाचं छोटं गाव आहे. १६ मे रोजी असा एकच रणगाडा त्या गावात घुसला आणि त्याने तेरा जर्मन रणगाडे निकामी केले. परतल्यावर त्याच्या अंगावर १४० फटक्यांच्या खुणा मोजल्या, आरपार गेलेला एकही नव्हता.

आणि घोडे! जर्मन सैन्याच्या प्रचारपटांत रणगाड्यांच्या रांगा दिसतात, पण त्या सैन्याचा फार मोठा भाग पायी चालत होता आणि त्याच्या तोफा, गाड्या, शिधा घोडे ओढत होते. एकेका पायदळ डिव्हिजनमध्ये चार-पाच हजार घोडे असत. पश्चिमेकडच्या मोहिमेत पँझर डिव्हिजन होत्या फक्त दहा. उलट फ्रान्समध्ये उतरलेली ब्रिटिश फौज पूर्णपणे मोटारींवर होती. तंत्रज्ञानात जर्मनी पुढे होती म्हणून जिंकली, असं म्हणणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

मग फरक कुठे होता? रणगाड्याच्या आत बघा. पँझर-३ आणि पँझर-४ च्या बुरुजात तीन माणसं असत: कमांडर, नेम धरणारा, गोळा भरणारा. कमांडरचं काम एकच, आजूबाजूला बघणं आणि हुकूम देणं. खाली चालक आणि वायरलेस ऑपरेटर. फ्रेंच रणगाड्यांच्या बुरुजात बहुधा एकच माणूस. त्यानेच शत्रू शोधायचा, त्यानेच गोळा भरायचा, नेम धरायचा, चालकाला दिशा सांगायची, आणि तो ट्रूप कमांडर असेल तर बाकीच्या रणगाड्यांकडेही लक्ष द्यायचं. हे माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे. जाड चिलखताच्या आत बसलेला तो माणूस शूर होता, पण तो आंधळा आणि बहिरा होता. बहिरा एवढ्यासाठी की असंख्य फ्रेंच रणगाड्यांत वायरलेस संचच नव्हता. काही ठिकाणी झेंडे दाखवून इशारे करत.

जर्मनांनी ठरवलं होतं की प्रत्येक रणगाड्यात निदान ऐकण्याचा संच हवा आणि कमांडरांच्या रणगाड्यात बोलण्याचाही. त्यांचा नेहमीचा संच दहा वॉटचा होता, आवाज काही किलोमीटरच पोचायचा. पण कंपनी कमांडरला तेवढंच पुरेसं असतं. समोर अचानक टँकविरोधी तोफ दिसली तर तो चालत्या रणगाड्यातून दोन वाक्यं बोलायचा आणि पंधरा रणगाडे एकाच वेळी वळायचे. शत्रूचा एकेक रणगाडा आपापल्या परीने लढत असताना ही पंधराची टोळी एका मनाने लढायची. हे मुद्दाम घडवलेलं होतं. हाइन्झ गुडेरियन पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशयंत्रणेत काम केलेला अधिकारी होता. वायरलेस कुठे कमी पडतो हे त्याने १९१४ मध्ये स्वतः भोगलेलं. रणगाड्यांच्या तुकड्या बांधताना त्याने सिग्नल्सची बाजू आधी पक्की केली. त्या कामात एरिक फेलगीबेल याचाही मोठा वाटा होता. तो पुढे जर्मन सैन्याचा सिग्नल्स प्रमुख झाला, आणि हिटलरविरुद्धच्या जुलै १९४४ च्या कटात सामील असल्याबद्दल त्याला फाशी झाली. आमच्या शाखेच्या माणसाला हे नाव माहीत असावं असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.

नुसता संच असून मात्र भागत नाही. त्यावर बोलणाऱ्याला निर्णय घेण्याची मुभा आणि तयारी असावी लागते. ही तयारी १९२० च्या दशकात झाली, आणि गंमत अशी की ती व्हर्सायच्या तहामुळे झाली. तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणलं, अधिकारी फक्त चार हजार, रणगाडे आणि विमानं बंद. सैन्यप्रमुख हान्स फॉन झेक्ट याने मग संख्या वाढवता येत नाही तर प्रत्येक माणूस वाढवू, असं धोरण धरलं. पहिल्या महायुद्धात काय चुकलं, काय जमलं याचा अभ्यास करायला पन्नासहून जास्त समित्या नेमल्या. हरलेल्या सैन्याने स्वतःच्या पराभवाची इतकी कसून चौकशी करावी, याची उदाहरणं फार नाहीत. त्या लहान सैन्यातल्या प्रत्येकाला आपल्या वरच्या, कधी दोन पायऱ्या वरच्या जागेचं काम शिकवलं जाई. सुभेदार प्लाटून चालवू शकेल, कॅप्टन बटालियन चालवू शकेल, असं. १९३५ मध्ये सक्तीची भरती सुरू झाली तेव्हा या एक लाखातून मोठ्या सैन्याचा कणा तयार होता. रणगाड्यांची शाळा मात्र चोरून चालली, तीही सोव्हिएत रशियात, कझानजवळ, १९२९ ते १९३३. घरच्या सरावात मोटारींवर पत्रा आणि कापड चढवून खोटे रणगाडे केले जात.

प्रशियन सैन्याची एक जुनी रीत या काळात आणखी घट्ट झाली. वरिष्ठाने काय साधायचं ते सांगायचं. कसं साधायचं ते हाताखालच्याने ठरवायचं. परिस्थिती बदलली आणि वर विचारायला वेळ नसेल तर हाताखालच्याने स्वतः निर्णय घ्यायचा, आणि काहीच न करणं हा चुकीच्या निर्णयापेक्षा मोठा दोष मानायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात यासाठी वरिष्ठाला स्वतःचा अधिकार सोडावा लागतो आणि कनिष्ठाला जबाबदारी पेलावी लागते. शांततेच्या काळात वर्षानुवर्षं सराव केल्याशिवाय हे येत नाही.

फ्रेंचांची पद्धत याच्या बरोबर उलट होती, आणि तिच्यामागे कारण होतं. पहिल्या महायुद्धात त्यांचे सुमारे चौदा लाख सैनिक पडले. व्हर्दँसारख्या लढायांतून त्यांनी धडा घेतला की तोफखान्याच्या आधाराशिवाय पाऊल टाकायचं नाही, सगळं वरून ठरवून, टप्प्याटप्प्याने, वेळापत्रकानुसार करायचं. माणसं वाचवण्याची ती कळकळ होती, मूर्खपणा नव्हता. पण वेळापत्रक आपल्या हातात असेपर्यंतच ही पद्धत चालते.

पोलंडबद्दल थोडक्यात. तिथे जर्मनांनी तीन बाजूंनी हल्ला केला, पूर्व प्रशियातून, पश्चिमेकडून आणि स्लोव्हाकियातून. ब्रिटन-फ्रान्सच्या आग्रहामुळे पोलंडने सैन्याची सार्वत्रिक जमवाजमव ऐनवेळी पुढे ढकलली होती, त्यामुळे कित्येक तुकड्या अपुऱ्याच होत्या. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत शिरलं. पोलिश घोडदळाने तलवारी उपसून रणगाड्यांवर चाल केली ही गोष्ट खोटी आहे. पोलिश सैन्य नेटाने लढलं आणि बझुरा नदीवर त्याने जर्मनांना चांगलाच हादरा दिला. मला पोलंडमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विजयानंतरचं. जर्मन सेनापतींनी जिंकलेल्या सैन्याचे अहवाल मागवले आणि ते कडवट होते: पायदळात धडाडी कमी, कूच करताना शिस्त नाही, ‘हलक्या’ डिव्हिजन कुचकामी. मग हिवाळाभर पुन्हा सराव. त्या चार हलक्या डिव्हिजनच्या पँझर डिव्हिजन केल्या. रोमेलची सातवी त्यातलीच. त्याच हिवाळ्यात फ्रेंच सैनिक खंदकं खणत, भाजीपाला लावत, वाट पाहत बसले होते.

इथे राजकारणाचाही वाटा मान्य करायला हवा. सोव्हिएत रशियाशी झालेल्या २३ ऑगस्ट १९३९ च्या करारामुळे स्टालिनकडून जर्मनीची पाठ सुरक्षित झाली, वर धान्य आणि तेल मिळालं. हा करार नसता तर १९४० मध्ये जवळजवळ सगळं बळ पश्चिमेकडे लावणं शक्यच नव्हतं.

आता फ्रान्स. मूळ योजना बेल्जियममधून सरळ जाण्याची होती, म्हणजे १९१४ चीच सुधारून काढलेली आवृत्ती. जर्मन सेनाधिकारी एरिक फॉन मानस्टाइनचं म्हणणं होतं की मुख्य घाव आर्देनच्या डोंगराळ जंगलातून सेदाँवर घालायचा आणि तिथून समुद्राकडे वळून उत्तरेकडच्या शत्रुसैन्याची पिछाडी कापायची. वरिष्ठांना तो इतका नकोसा झाला की त्याला दूर एका कोअरवर (काही डिव्हिजनच्या गटावर) पाठवलं. १० जानेवारी १९४० ला एक जर्मन विमान चुकून बेल्जियममध्ये मेखेलनजवळ उतरलं, त्यात जुन्या योजनेचे कागद होते, म्हणजे ती योजना फुटल्याची भीती होती. १७ फेब्रुवारीला मानस्टाइनची हिटलरशी भेट झाली आणि हिटलरने ती कल्पना उचलून धरली. एवढं श्रेय त्याला द्यावं लागतं. पुढे ज्याने ही योजना तपशिलाने बांधली तो सेनाप्रमुख कार्यालयाचा प्रमुख हाल्डर. पण त्यालाही वाटत होतं की म्यूझ नदी नवव्या-दहाव्या दिवसाआधी ओलांडता येणार नाही.

दहा पँझर डिव्हिजनपैकी सात या घावात घातल्या. आणि शत्रूने नेमकं हवं तेच केलं. १० मेला जर्मन हॉलंड-बेल्जियममध्ये शिरताच फ्रेंच आणि ब्रिटिशांची सगळ्यात चांगली सैन्यं उत्तरेकडे धावली. फ्रेंच सेनापती गामलँने तर राखीव म्हणून ठेवलेलं सातवं सैन्य थेट हॉलंडमधल्या ब्रेडाकडे पाठवलं. जो हात फटका अडवायला मोकळा ठेवायचा, तोच त्याने आधी गुंतवून टाकला.

आर्देनमध्ये जर्मनांचीही फजिती होती. क्लाइस्टच्या पँझर गटात ४१,००० वाहनं, आणि अरुंद डोंगरी रस्ते मोजून चार. गाड्यांची रांग मागे ऱ्हाइनपर्यंत पोचली होती. त्या दोन दिवसांत दोस्तांची बाँबफेकी विमानं तिथे लोटली असती तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. टेहळणी वैमानिकांनी या रांगा पाहिल्या, कळवल्याही, पण वर त्यावर विश्वास बसला नाही. फ्रेंच सेनापती प्रेतला याच्या १९३८ च्या सरावात निष्कर्ष निघाला होता की जर्मन या जंगलातून साठ तासांत म्यूझवर येऊ शकतात. तो बाजूला ठेवला गेला. गुडेरियनच्या रणगाड्यांना साठ तासही लागले नाहीत. १२ मेच्या संध्याकाळी ते सेदाँमध्ये होते.

१३ आणि १४ मे हे दोन दिवस तासातासाने अभ्यासावेत असे आहेत. मी वर्गात यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचो.

१३ तारखेला दुपारी चारला नदी ओलांडायची होती. कोअरचा लेखी हुकूम काढायला काही तासच होते. गुडेरियनच्या स्टाफने काय केलं? कोब्लेन्झला हिवाळ्यात याच नदीवर, याच जागी नकाशावरचा सराव झाला होता. त्याचे हुकूम फायलीत होते. तारीख-वेळ बदलून तेच हुकूम दिले. विमानांचंही तसंच. गुडेरियनचं हवाई दलाच्या लोर्त्सरशी आधी ठरलं होतं की दिवसभर लाटेमागून लाट असा मारा ठेवायचा, म्हणजे फ्रेंच तोफखाना डोकं वर काढणार नाही. त्यांच्या वरिष्ठाने, क्लाइस्टने, एकाच मोठ्या हल्ल्याचा हुकूम सोडला. लोर्त्सरच्या विमानांनी मूळ ठरलेलंच पार पाडलं. एकमेकांना ओळखणारी, आधी एकत्र सराव केलेली माणसं होती, म्हणून हे जमलं.

नदी रणगाड्यांनी ओलांडली नाही, हेही नीट लक्षात घ्या. रबरी होड्यांतून पायदळ आणि सॅपर्स (पूल बांधणारे, मोर्चे उडवणारे सैनिक) गेले, फ्रेंचांचे काँक्रीटचे मोर्चे जवळ जाऊन एकेक करून फोडले. एका सॅपर सार्जंटने, रुबार्थ त्याचं नाव, मूठभर माणसांनिशी अशा मोर्च्यांची रांगच मोकळी केली. रात्री उशिरा पूल तयार झाला, मग रणगाडे पार. म्हणजे सेदाँचा विजय विमानं, सॅपर्स, पायदळ, तोफा आणि शेवटी रणगाडे, या सगळ्यांचा मिळून होता.

समोर होती ५५ वी फ्रेंच डिव्हिजन, बहुतेक वयस्क राखीव सैनिकांची, हवाई हल्ल्याविरुद्ध तोफा जवळजवळ नाहीत. संध्याकाळी ब्युल्सोंच्या बाजूला अफवा उठली की जर्मन रणगाडे आले. तोफखान्याच्या तुकड्या पळाल्या, त्यांच्यामागोमाग पायदळही पळालं. त्या क्षणी नदीच्या फ्रेंच बाजूला एकही जर्मन रणगाडा नव्हता. बाँबफेकीने टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, खरं काय ते विचारायला साधन नव्हतं. दळणवळण तुटलं की सैन्याचं गर्दीत रूपांतर व्हायला किती कमी वेळ लागतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तरीही अजून काही हरलं नव्हतं. डिव्हिजन कमांडर लाफोंतेनकडे प्रतिहल्ल्यासाठी पायदळाच्या दोन रेजिमेंट आणि रणगाड्यांच्या दोन बटालियन दिल्या होत्या. रात्रीच चाल केली असती तर समोर दमलेलं जर्मन पायदळ होतं, रणगाडे नाहीत. पण मुख्यालय हलवण्यात, वरून येणाऱ्या आदेशांची वाट पाहण्यात, पळणाऱ्यांनी भरलेल्या रस्त्यांवर अडकण्यात रात्र सरली. १४ ला सकाळी सातच्या सुमारास फ्रेंच रणगाडे निघाले, तेही पायदळाच्या चालीने. तोवर पहिल्या पँझर डिव्हिजनचे रणगाडे पूल ओलांडून ब्युल्सोंच्याच टेकडीकडे भिडायला निघाले होते. जर्मन थोडेसेच आधी पोचले. दुपारपर्यंत प्रतिहल्ला संपला होता.

त्याच दिवशी गुडेरियनने पहिली आणि दुसरी पँझर डिव्हिजन पश्चिमेला वळवली. दक्षिणेची बगल एका डिव्हिजनच्या आणि एका रेजिमेंटच्या भरवशावर जवळजवळ उघडी राहिली. त्या बगलेसमोर फ्लाव्हिन्यीची कोअर आली होती, तिच्यात जड रणगाड्यांची तिसरी चिलखती डिव्हिजन. ते रणगाडे एकत्र चालून जाण्याऐवजी रस्त्यांचे नाके अडवायला वीस किलोमीटरभर विखुरले गेले. हाती असलेली संधी अशी सुटली.

वरच्या पातळीवर हाल आणखी वाईट. गामलँ पॅरिसजवळ वँसेनच्या किल्ल्यात बसला होता आणि त्याच्या मुख्यालयात वायरलेस संच नव्हता. खालच्या मुख्यालयाशी संपर्क टेलिफोनने किंवा मोटारीने. गुडेरियन मात्र वायरलेस आणि एनिग्मा हे सांकेतिक संदेशांचं यंत्र बसवलेल्या गाडीत आघाडीवर फिरत होता. १६ मे रोजी चर्चिल पॅरिसला आला आणि त्याने राखीव सैन्य कुठे आहे असं विचारलं. गामलँचं उत्तर: काहीच नाही. २० मेच्या संध्याकाळी जर्मन आब्बेव्हिलजवळ समुद्रापाशी होते. उत्तरेकडची सगळी दोस्त सैन्यं वेढ्यात.

जर्मन बाजूला सगळे निर्धास्त होते असंही नाही. १७ मेला क्लाइस्टने गुडेरियनला थांबवलं, तेव्हा गुडेरियनने पद सोडण्याची तयारी दाखवली; मध्यस्थीतून ‘टेहळणी’ चालू ठेवण्याची वाट काढली गेली आणि त्या नावाखाली त्याची पूर्ण कोअर पुढे सरकली. हिटलर स्वतः बगलेच्या भीतीने घाबराघुबरा झाला होता. २१ मेला आरासजवळ ब्रिटिश मटिल्डा रणगाड्यांनी रोमेलला असा धक्का दिला की त्याला ८८ मिलीमीटरच्या विमानविरोधी तोफा जमिनीवर रोखाव्या लागल्या. आणि २४ मेचा थांबण्याचा हुकूम, ज्यामुळे डंकर्कहून ३,३८,००० सैनिक निसटले, तो क्लाइस्टच्याही वरच्या सेनापती रुंडश्टेटच्या सावधपणातून आला आणि हिटलरने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्याला लोक सर्वज्ञ सेनापती समजतात त्याने नेमक्या निर्णायक क्षणी पाय ओढला.

काही जण पेर्व्हिटिन या उत्तेजक गोळ्यांना सगळं श्रेय देतात. १९४० च्या वसंतात त्या लाखोंनी वाटल्या गेल्या हे खरं. त्यांनी ड्रायव्हरांना रात्री जागं ठेवलं. पण गोळी खाऊन कुणाला प्रतिहल्ल्याची योग्य वेळ कळत नाही.

आपल्याकडे जर्मन शिस्तीचं कौतुक करताना एक बाजू सर्रास गाळली जाते. याच सैन्याच्या देखत आणि हातून पोलंडमध्ये पहिल्या आठवड्यापासून नागरिकांच्या कत्तली झाल्या. जून १९४० मध्ये लियोंजवळ शासले इथे शरण आलेल्या आफ्रिकी फ्रेंच सैनिकांना रंग बघून वेगळं काढलं आणि मारलं. रशियात पकडलेल्या युद्धकैद्यांपैकी ३० लाखांच्या आसपास माणसं कैदेत मेली, बहुतेक उपासमारीने. रणतंत्र शिकायला हरकत नाही, मी आयुष्यभर ते शिकवलं. पण ते वापरणारं राज्य काय होतं हे शिकवल्याशिवाय नव्हे.

या युद्धाशी आपला थेट संबंधही आहे. १९३९ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला गेल्या होत्या, कारण हिवाळ्यातल्या चिखलात मोटारी अडत. त्यातली एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. आणि सेदाँचीच रीत दोन वर्षांनी लिबियातल्या टोब्रूकला दिसली. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने आग्नेय बाजूच्या तटबंदीवर घाव घातला, त्या भागात ११ व्या भारतीय ब्रिगेडची २/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. आधी स्टुका विमानांचा मारा, त्यामागोमाग सॅपर्सनी खंदकावर केलेल्या वाटा, मग रणगाडे. संध्याकाळपर्यंत रणगाडे बंदरात होते. मराठ्यांच्या पाठीशी असायला हवा तो रणगाड्यांचा प्रतिहल्ला वेळेत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. आपल्या जवानांच्या लढण्यात कसूर नव्हती. मागे निर्णय घेणारी यंत्रणा मंद होती.

वायरलेसची एक किंमतही होती आणि ती पुढे जर्मनांना भारी पडली. जितकं जास्त बोलाल तितकं शत्रू जास्त ऐकतो. पोलिश गणितज्ञांनी एनिग्माच्या संकेतांवर केलेलं काम जुलै १९३९ मध्ये ब्रिटिश-फ्रेंचांच्या हाती दिलं होतं. २२ मे १९४० पासून ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रात जर्मन हवाई दलाचे संदेश नियमित फुटू लागले. फ्रान्ससाठी उशीर झाला होता, पुढच्या युद्धासाठी नाही.

मग हे यश रशियात का अडलं? २२ जून १९४१ ला सुरुवात तशीच झाली. स्टालिनने सगळे इशारे धुडकावले होते, १९३७-३८ च्या शुद्धीकरणात अनुभवी सेनापती संपवले होते, पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक सोव्हिएत विमानं नष्ट झाली. सप्टेंबरात कीव्हच्या वेढ्यात सहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक गेले. पण सेदाँपासून समुद्र अडीचशे किलोमीटरवर होता आणि मॉस्को सरहद्दीपासून हजार किलोमीटरवर. रशियन रेल्वेचा गेज रुंद, त्यामुळे रूळ बदलत जावं लागे, रस्ते कच्चे, मोटारी युरोपभरातून गोळा केलेल्या, सुटे भाग शेकडो प्रकारचे. सोबत सहा लाखांच्या वर घोडे. पँझर डिव्हिजनची संख्या दहावरून दुप्पट झालेली दिसत होती, पण ती प्रत्येकीतले रणगाडे कमी करून. रणगाडे पुढे पळत आणि पायी चालणारं सैन्य मागे राहून वेढा बंद करायला आठवडे घेई. निर्णय झटपट घेता येत होते, पेट्रोल मात्र झटपट येत नव्हतं. आणि रशियाकडे, फ्रान्सकडे नव्हती ती गोष्ट होती: हरलेल्या सैन्यामागे दुसरं, त्यामागे तिसरं उभं करण्याइतकी माणसं आणि जागा. ११ ऑगस्ट १९४१ ला हाल्डरने आपल्या रोजनिशीत नोंद केली की आपण शत्रूच्या सुमारे २०० डिव्हिजन धरून चाललो होतो, आणि आताच ३६० मोजून झाल्या आहेत.